पारसनीस, रियासतकार आणि वाइन : जुन्या मराठी फाइली कोण वाचणार?

१/
अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र आज वाचता येते. पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर मात्र पुष्कळदा वाचता येत नाही. फाइल शाबूत असते, तिचा एक अंशही बदललेला नसतो. नाहीसा झालेला असतो तो ती वाचणारा. हा धागा त्या वाचणाऱ्याविषयी, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘वाइन’ या सॉफ्टवेअरविषयी आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याची दखल का घ्यावी, हा त्यातला प्रश्न.

२/
सुरुवात घोरावाडीपासून. पुणे–लोणावळा लोहमार्गावर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामधले हे लहानसे स्थानक. याच परिसरातल्या घोरावडेश्वराच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखात धेनुकाकट या स्थानाचे नाव येते. कार्ल्याच्या लेण्यातही हे नाव वारंवार आढळते.

३/
पुढे या डोंगरावर शिवालय झाले. भंडारा आणि भामचंद्र यांच्या जोडीने तुकोबांच्या आठवणीही त्याच्याशी जोडल्या गेल्या. माणसांचा राबता कधी थांबला नाही, लेख कोणी लपवला नाही. पण ती अक्षरे वाचणारे कोणी उरले नव्हते. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा असे असंख्य लेख पुन्हा बोलू लागले.

४/
त्याच लोहमार्गावर तळेगाव, वडगाव, कान्हे ओलांडले की कामशेत येते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून येथे स्थायिक झाले आणि १९५९ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. १९३० ते १९३४ या काळात त्यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले.

५/
त्या खंडांनी नेमके काय साधले? मोडीतले मराठी कागद देवनागरीत छापले गेले. तोवर प्रत्येक कागदासाठी मोडी जाणणारा माणूस शेजारी लागे. छापील खंड हाती आल्यावर त्या कागदांपुरती ही गरज संपली. मूळ कागदही फेकले गेले नाहीत. शंका आली तर ते पडताळता येतात. वाचणारा माणूस, सर्वांना वाचता येईल अशी प्रत आणि जपलेले मूळ, या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संगणकातील मराठीलाही आज नेमक्या याच तिन्हींची गरज आहे.

६/
संगणकावरच्या मराठीच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये जन्मले आणि पुढे सी-डॅकमध्ये वाढले. ‘श्रीलिपी’ तयार करणारी मॉड्युलर ही कंपनीही पुण्याचीच. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील असंख्य मुद्रणालयांत आणि डीटीपीच्या दुकानांत विंडोज, पेजमेकर आणि असा एखादा मराठी फॉन्टसंच हेच त्रिकूट नांदत होते.

७/
त्या फॉन्टांची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची अडचण कळत नाही. एका फॉन्टमध्ये २५६ घरे असत आणि ती मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेली होती. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले : कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा ल, कुठे रफार. पडद्यावर मराठी दिसे. पण फाइलमध्ये साठत ते रोमन अक्षरांचे क्रमांक.

८/
शिवाय कोणता तुकडा कोणत्या घरात बसवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. क्रमही दिसण्याचा, उच्चाराचा नव्हे. ‘किल्ला’ या शब्दात आधी वेलांटी साठवली जाई, मग क. ‘दुर्ग’ या शब्दात रफार ग च्या नंतर येई, कारण डोळ्यांना तो तेथे दिसतो. अशा फाइलमधून तो विशिष्ट फॉन्ट काढून घेतला, की उरतात निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे. संगणकाला ‘दुर्ग’ शोधायला सांगितले, तर त्याला तो सापडत नाही.

९/
युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. विंडोज २००० मध्ये देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि पुढे मोबाइलमुळे युनिकोड घरोघरी पोहोचले. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. नवे लेखन असे मोकळे झाले. जुने मात्र आपोआप मोकळे झाले नाही.

१०/
त्या जुन्या फाइलींत काय काय असते? गावोगावच्या संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, किल्ल्यांच्या माहितीपुस्तिका, बंद पडलेली साप्ताहिके, छोट्या दिवाळी अंकांची जुळणी, घराण्यांचे कुलवृत्तान्त. यांतल्या कित्येकांच्या छापील प्रती मोजक्याच निघाल्या आणि वाटून संपल्या. मावळासारख्या तालुक्याचा १९९० ते २०१० या काळातला स्थानिक इतिहास उद्या कोणी लिहायला घेतला, तर त्याची पुष्कळशी साधने अशाच फाइलींत असणार.

११/
या प्रश्नाला आता मुदत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी जुने संगणक त्यामुळे भंगारात निघतील. कपाटामागच्या धूळ खाणाऱ्या संगणकाबरोबर त्याची हार्डडिस्क जाते, डिस्कबरोबर फॉन्ट जातात आणि फॉन्ट गेले की वाचन जाते. रद्दीवाल्याच्या पोत्यात गेलेल्या मोडी रुमालांची गोष्ट इतिहासप्रेमींना नव्याने सांगायला नको.

१२/
असा संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर लिनक्स घालता येते. लिनक्स मोफत आहे, मुक्त आहे आणि त्याच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवरही चालतात. अडचण एवढीच, की विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सला समजत नाही. या दोघांमध्ये उभा राहणारा मध्यस्थ थर म्हणजे कंपॅटिबिलिटी लेयर. वाइन हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध.

१३/
मराठेशाहीच्या वाचकांना ही भूमिका अनोळखी नाही. शिवछत्रपतींच्या दरबारात फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस होता. नीळ प्रभूंचे नाव या संदर्भात प्रसिद्ध आहे. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांसाठी नारायण शेणवी दुभाष्याचे काम करत होता. दोन्ही पक्षांना आपली भाषा सोडावी लागत नसे, कारण मधला माणूस दोन्ही जाणत असे.

१४/
वाइन हेच करते. विंडोजचा प्रोग्रॅम चालताना सतत मागण्या करत असतो : ही फाइल उघड, ही खिडकी काढ, हे अक्षर या फॉन्टमध्ये दाखव, हे पान छाप. या मागण्या तो विंडोजच्या ठरावीक ग्रंथालयांकडे, म्हणजे कर्नल३२, यूजर३२, जीडीआय३२ यांसारख्या फाइलींकडे पाठवतो. वाइनने याच नावांची आपली ग्रंथालये नव्याने लिहिली आहेत. ती मागणी ऐकतात आणि लिनक्सकडून काम करवून घेतात.

१५/
प्रोग्रॅमला ‘सी’ ड्राइव्ह हवा असतो, तर वाइन एका साध्या फोल्डरला ‘सी’ म्हणून पुढे करते. त्याला विंडोजची रजिस्ट्री हवी असते, तर वाइन तीही मांडून देते. आपण विंडोजच्याच दरबारात आहोत, अशा समजुतीत प्रोग्रॅम काम करत राहतो. यात विंडोजची प्रत कोठेही नसते, त्यामुळे तिचा परवानाही लागत नाही. प्रोग्रॅमचा आणि फॉन्टांचा स्वतःचा परवाना मात्र लागतोच.

१६/
‘वाइन’ या नावाचा मद्याशी संबंध नाही. ‘वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर’ या वाक्याचे ते लघुरूप आहे. एम्युलेटर एका यंत्रात दुसऱ्या यंत्राचे सोंग उभे करतो आणि प्रत्येक आज्ञा उलथून सांगतो. वाइनमध्ये प्रोग्रॅमच्या मूळ आज्ञा प्रोसेसर थेट पाळतो. फक्त कार्यप्रणालीला उद्देशून केलेल्या मागण्या बदलल्या जातात. म्हणूनच ते जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी वेगाने चालते.

१७/
हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार त्याचे नेतृत्व करत आले आहेत. १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये आली, म्हणजे आरंभानंतर १५ वर्षांनी. एवढा वेळ लागण्याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. विंडोजचा मूळ कोड गुप्त होता आणि तो न पाहता काम करायचे, हा वाइनकारांचा नियम होता. उपलब्ध कागदपत्रे वाचून आणि विंडोज कसे वागते हे तपासून एकेक तुकडा लिहावा लागला.

१८/
विंडोजच्या चुकाही जशाच्या तशा उतरवाव्या लागल्या, कारण जुने प्रोग्रॅम त्या चुका गृहीत धरून लिहिलेले असतात. लिप्यंतरकार मूळ लेखकाचे अशुद्ध लेखन आपल्या मर्जीने शुद्ध करत नाही, त्यामागेही हेच शहाणपण आहे. वाचणाऱ्याने मुळाशी इमान राखायचे असते.

१९/
आज तरुणांना हे तंत्र माहीत असते ते खेळांमुळे. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ आणले आणि २०२२ मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’ या हातातल्या यंत्रावर विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. खेळांच्या बाजारातून आलेल्या पैशाने आणि श्रमाने वाइनही सुधारले. त्या सुधारणेचा लाभ जुन्या कार्यालयीन प्रोग्रॅमनाही झाला.

२०/
एक गोष्ट तर थेट अभिलेखागाराच्या कामाची आहे. विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिट आहे. वाइन मात्र ६४-बिट लिनक्सवरही अशा कित्येक प्रोग्रॅमना चालवू शकते. मालकाने ज्यांना दार बंद केले, त्यांना दुसऱ्याच्या घरी ओसरी मिळाली आहे.

२१/
म्हणून वाइनला रामबाण समजणे मात्र चुकीचे ठरेल. प्रकल्पाच्या सूचीत प्रोग्रॅमना ‘प्लॅटिनम’पासून ‘गार्बेज’पर्यंत श्रेणी दिल्या जातात, एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्यांचा अनुभव निराळा असतो. यूएसबी किंवा प्रिंटर पोर्टला लावायच्या कुलपावर, म्हणजे डाँगलवर, चालणारे सॉफ्टवेअर बहुधा येथेच अडते, कारण विंडोजचे यंत्रचालक वाइन सहसा चालवू शकत नाही.

२२/
अशा वेळी व्हर्च्युअल मशीनमध्ये परवाना असलेले जुने विंडोजच संपूर्ण उभे करणे हा पर्याय अधिक भरवशाचा. तो जड आहे, पण प्रामाणिक आहे. आणखी एक वाट आहे : लिब्रेऑफिसच्या ४.४ या २०१५ च्या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली थेट आयात करण्याची सोय आली. मांडणी नेहमीच नीट येते असे नाही आणि मजकूरही जुन्या फॉन्टच्या सांकेतिक क्रमांकांतच राहतो. तरीही मूळ प्रोग्रॅमविना आत डोकावता येते, हे थोडे नाही.

२३/
आता एक गंभीर आक्षेप. मध्यस्थ फार चांगला असेल, तर स्वतःचे काही घडवण्याची निकडच उरत नाही. १९९२ मध्ये आयबीएमच्या ओएस/२ २.० वर विंडोजचे प्रोग्रॅम चालत आणि ही गोष्ट कंपनी अभिमानाने मिरवत असे. परिणाम असा झाला, की ओएस/२ साठी वेगळे प्रोग्रॅम लिहिण्याचे प्रयोजन पुष्कळ कंपन्यांना वाटेनासे झाले. ओएस/२ च्या ऱ्हासाला इतरही कारणे होती. पण हा धडा त्यातून सर्रास काढला जातो, आणि तो खोटा नाही.

२४/
मराठी डीटीपीच्या जगात हा धोका स्पष्ट दिसतो. जुना पेजमेकर वाइनवर सुरळीत चालू लागला, तर ‘चाललंय ना, मग कशाला बदला?’ असे म्हणत नवे पुस्तकही त्याच जुन्या फॉन्टमध्ये जुळवले जाईल. म्हणजे उघडण्यासाठी आणलेल्या किल्लीनेच आणखी एक कुलूप लागेल. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची आहे. त्याला युनिकोड समजत नाही आणि यापुढे समजणारही नाही.

२५/
या आक्षेपाचे उत्तर मराठी इतिहासातच आहे. शिवछत्रपतींनी पारसनीस ठेवला, कारण भोवतालचे जग फारसीत लिहीत होते. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्याच आज्ञेने तयार झाला. रघुनाथपंडितांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. दुभाषा बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी, कोश आपला कारभार आपल्या भाषेत चालवण्यासाठी.

२६/
वाइनचे स्थान पारसनिसाचे आहे. जुन्या दस्तऐवजाशी बोलायला त्याची नितांत गरज आहे. नव्या लेखनाचा कारभार मात्र युनिकोड आणि मुक्त फाइल-प्रकार यांच्यावरच चालला पाहिजे. लिनक्सचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी काहींना वाइन म्हणजे तडजोड वाटते, तर काहींना ते सर्व प्रश्नांचे उत्तर वाटते. दोन्ही गट काळाचे भान सोडतात. वाइन भूतकाळासाठी आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही.

२७/
मग करायचे काय? जुनी हार्डडिस्क हाती आली, की पहिले काम तिची जशीच्या तशी प्रत करण्याचे. दुसरे, मजकुरासोबत फॉन्टच्या फाइली आणि प्रोग्रॅमची सीडी जपण्याचे. फॉन्टाविना मजकूर म्हणजे लिपी हरवलेला शिलालेख. तिसरे, मूळ प्रोग्रॅम वाइनवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर उघडून प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ करण्याचे. पानाचे मूळ रूप त्यातच टिकते.

२८/
चौथे काम मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी रूपांतरक उपलब्ध आहेत. पण कोणता फॉन्ट आहे हे आधी ओळखावे लागते आणि रफार, वेलांटी, जोडाक्षरे येथे चुका राहतात. म्हणून पाचवे काम मुद्रितशोधनाचे, आणि त्याला मराठी जाणणारा माणूसच हवा. शेवटी मूळ फाइल, फॉन्ट, पीडीएफ आणि युनिकोड प्रत एकत्र, दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. रूपांतर झाले म्हणून मूळ पुसणे म्हणजे खंड छापून झाल्यावर रुमाल जाळण्यासारखे आहे.

२९/
हे काम एकट्यादुकट्याच्या हौसेवर सोडता येणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच्या आनंदात ताम्रपट, शिलालेख आणि पोथ्या यांच्या जतनाची चर्चा झाली. ती योग्यच होती. पण भाषेचा वारसा केवळ हजार वर्षांपूर्वीच नसतो, पंचवीस वर्षांपूर्वीही असतो. ग्रंथालये, विद्यापीठे आणि प्रकाशक यांनी आपल्या जुन्या डिजिटल साठ्याची यादी करणे, ही या जतनाची पहिली पायरी ठरावी.

३०/
ज्यांनी हे फॉन्ट घडवले, त्या कंपन्यांकडे आणि संस्थांकडेही एक मागणी रास्त आहे. बाजारातून गेलेल्या फॉन्टांचे सांकेतिक तक्ते, म्हणजे कोणत्या घरात कोणता तुकडा आहे याची यादी, त्यांनी खुली करावी. त्या काळात मराठी पडद्यावर आणण्याचे काम त्यांनीच केले. त्या श्रेयाला याने उणेपणा येणार नाही. प्रिन्सेपला ब्राह्मीचा तक्ता स्वतः शोधावा लागला. येथे तक्ता करणारे लोक अजून हयात आहेत.

३१/
सरदेसायांनी दफ्तर हाती घेतले, तेव्हा मोडी वाचणारी पिढी जिवंत होती. त्या काळातच काम झाले म्हणून ते झाले. आजही पेजमेकरवर हात बसलेले जुळारी आहेत, फॉन्टांची नावे पाठ असलेले मुद्रक आहेत आणि सोबतीला वाइनसारखा विनामूल्य पारसनीस आहे. वीस वर्षांनी यांतले किती असतील, हे सांगता येत नाही. ज्या वाचकाच्या गावात जुने मुद्रणालय किंवा बंद पडलेले साप्ताहिक असेल, त्याने तेथे जाऊन फक्त एवढेच विचारावे : ‘जुना संगणक विकला तर नाही ना?’